सध्या काय लावलंय?

सिनेमाचं संगीत ऐकणाऱ्यांची एक जात आहे. नुसतं ऐकून त्यांचं भागत नाही. काय ऐकलं ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. भेटल्यावर तब्येतीची चौकशी नंतर, आधी ‘सध्या काय लावलंय?’ या मंडळींच्या घरांतून, बाजारातून आणि बोलण्यातून नाहीशा होत चाललेल्या गोष्टींची ही यादी. क्रम लावलेला नाही, आणि ती पुरीही नाही.

सुयांची डबी. तळहातात मावणारी, पत्र्याची, झाकणावर ग्रामोफोनपुढे कान देऊन बसलेला कुत्रा. आत दोनशे पोलादी सुया. प्रत्येक सुई एकदाच वापरा, अशी सूचना असायची. ती पाळणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. बोथट सुईने रेकॉर्डची खाच खरवडली जाते. जुन्या रेकॉर्डच्या ज्या खरखरीचे आपण गोडवे गातो, तिच्यातली बरीचशी या काटकसरीची आहे.

गाण्यांचं पुस्तक. थिएटराबाहेर मिळायचं, चार-आठ पानांचं, कागद हलका. नटनट्यांची नावं, कथासार आणि गाणी, नागरीत आणि उर्दूत. कथासार ऐन अडचणीच्या जागी तुटायचं आणि पुढचं पडद्यावर बघा म्हणून सांगायचं. गाणं पाठ करायचं ते यावरून. ‘आलमआरा’ १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिक थिएटरात लागला. त्याची एकही प्रत उरली नाही, गाण्यांच्या रेकॉर्डीही निघाल्या नाहीत. आपल्या बोलपटाचं पहिलं संगीत कसं वाजलं हे आज कुणीच ऐकू शकत नाही. गाणी होती, एवढं कागद सांगतो.

लेबल. ‘महल’, १९४९. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. ज्या गाण्याने लता मंगेशकरांचं नाव देशभर झालं, त्या ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव होतं कामिनी. कामिनी हे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं की ही गाणारी कोण. पुढे लेबलवर गायकांची नावं आली. गीतकारांची यायला आणखी भांडावं लागलं. वादकांची कधीच आली नाहीत. त्याबद्दल पुढे.

तीन मिनिटं. दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटं बसायची. पडद्यावरचं गाणं मोठं असेल तर एखादा अंतरा गळायचा, मधला म्युझिक पीस आखडायचा. म्हणून या मंडळींच्या बोलण्यात ‘रेकॉर्डवरचं’ आणि ‘पिक्चरमधलं’ अशी दोन गाणी असतात. गळालेला अंतरा ज्याने ऐकला आहे त्याचा भाव मैफलीत एकदम वर जातो. ध्वनिमुद्रण कसलंही असो, भले अर्ध्यात खोकला असो, ‘तुझ्याकडे पिक्चरमधलं आहे?’ म्हणून चार घरं लांबचा माणूस दारात उभा.

नंबर. खरा संग्राहक गाण्याच्या नावाबरोबर रेकॉर्डचा नंबर सांगतो. ईपी असेल तर ‘सेव्हन ईपीई’पासून सुरू होणारा, एलपी असेल तर ‘ईसीएलपी’पासून. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटतं. पण जाहिरात, वर्तमानपत्र आणि आठवण तिन्ही जिथे वेगवेगळं बोलतात, तिथे नंबर खोटं बोलत नाही. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ उभा केला तो याच जातीच्या चिकाटीवर. सिनेमावार गाणी, गायक, गीतकार, रेकॉर्ड नंबर, दशकाला एक जाडजूड खंड. तेच ‘लिसनर्स बुलेटिन’ नावाचं नियतकालिक काढत. कोणाला कुठली रेकॉर्ड सापडली, कुठल्या गाण्याचं श्रेय चुकीचं छापलं गेलं, हे त्यात पोस्टाने गावोगाव जायचं. मुंबईत विश्वास नेरूरकरांनी लताबाईंच्या गाण्यांची सूची ‘गंधार’ केली, तीही अशीच पदरमोडीची. विद्यापीठांनी करायचं काम नोकरदार माणसांनी सुट्टीच्या दिवशी केलं, आणि ते चोख केलं. हे मी कौतुकाने लिहितो आणि थोडं रागानेही.

पोस्टकार्ड. बाळकृष्ण केसकर हे पुण्यात जन्मलेले गृहस्थ १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे कट्टर. त्यांच्या काळात आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना दारं बंद झाली आणि ऐकणारे सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. १९५२ लाच तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ काढून सरकारला वाट करून द्यावी लागली. पण सवय लागली ती लागली. पोस्टकार्डावर फर्माइश, खाली घरातल्या सगळ्यांची नावं, मग शेजाऱ्यांची, मग श्रोता संघाची. झुमरीतलैया हे गाव भारताच्या नकाशावर लोकांना ठाऊक झालं ते या कार्डांमुळे. सकाळी साडेसातला सिलोनवर जुन्या सिनेमांची गाणी लागायची आणि आठच्या ठोक्याआधी शेवटचं गाणं सैगलचं. सैगल संपला की आंघोळीला, असं घड्याळ कित्येक घरांत होतं. अमीन सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले.

टायटल म्युझिक. नामावली पडद्यावरून सरकत असताना वाजतं ते. थिएटरात त्या वेळी अर्धं पब्लिक अंधारात खुर्ची शोधत असायचं, त्यामुळे हे ऐकणारे मुळातच थोडे. पार्श्वसंगीताची अवस्था त्याहून वाईट. एक रीळ हजार फुटांचं, साधारण अकरा मिनिटांचं. शूटिंग, डबिंग, संकलन सगळं उरकलं की ही रिळं रेकॉर्डिंग हॉलमध्ये पडद्यावर चालवायची, समोर वादक बसवायचे आणि चित्राकडे बघत, हातवाऱ्यांवर, संगीत भरायचं. प्रदर्शनाची तारीख डोक्यावर. मग संवाद, इतर आवाज आणि संगीत यांचं मिक्सिंग होऊन सगळं एका पट्टीवर यायचं. मिसळलेलं मग वेगळं काढता येत नसे. रेकॉर्ड कंपनीला गाणी हवी असायची, व्हायोलिनच्या लाटा नकोत. त्यामुळे हिंदी सिनेमाचं उत्तमातलं उत्तम पार्श्वसंगीत आजही संवादांच्या खालून, दार लोटण्याच्या आवाजामागूनच ऐकावं लागतं.

तरीही ते ऐकणारे होते. शंकर-जयकिशन या जोडीत पार्श्वसंगीत जयकिशनचं, हे त्यांना पाठ. राज कपूरच्या ‘आह’मध्ये (१९५३) पार्श्वसंगीतात एक सुरावट येते. ती कान देऊन ऐकली की माणूस सावरून बसतो, कारण ‘मेरा नाम जोकर’मधलं ‘जाने कहाँ गये वो दिन’ तिथे सतरा वर्षं आधी वाजत असतं. हा शोध एकाने दुसऱ्याला सांगायचा. दुसऱ्याने विश्वास न ठेवता पुन्हा ‘आह’ बघायचा आणि मग तिसऱ्याला तो शोध आपलाच म्हणून सांगायचा. या मंडळींचा सगळा व्यवहार असाच चालायचा.

‘शोले’च्या एलपीवर टायटल म्युझिक आहे, हे आपलं नशीब. पण त्या सिनेमाची गाजलेली रेकॉर्ड निघाली ती संवादांची, पॉलिडोरने काढलेली. गब्बरचे संवाद पानाच्या ठेल्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत वाजले. त्याच रेकॉर्डवर संवादांच्या मागे आर. डी. बर्मन काय करतात हे ऐकणारा एखादाच. संध्याकाळी हवेलीत जया भादुरी एकेक दिवा मालवत जाते आणि समोर अमिताभ माउथ ऑर्गन वाजवतो, तो प्रत्यक्षात वाजवला भानू गुप्तांनी. एरवी ते आर. डीं.चे गिटारवादक. भानू गुप्ता २०१८ मध्ये गेले.

टीव्हीला टेकवलेला टेपरेकॉर्डर. दूरदर्शनवर संध्याकाळी सिनेमा. घरच्यांना दटावून गप्प बसवायचं, टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरपाशी ठेवायचा आणि हवा तो तुकडा आला की ‘प्ले’ आणि ‘रेकॉर्ड’ एकदम दाबायचं. अशा टेपांवर टायटल म्युझिकबरोबर कुकरची शिट्टी आहे, खाली रस्त्यावरचा भंगारवाला आहे आणि ‘अगं, हळू’ म्हणून कुणीतरी कुणालातरी गप्प केलेलं आहे. मित्राला कॉपी देताना ते सगळं कॉपी व्हायचं. तिसऱ्या-चौथ्या हातात व्हायोलिनं पुसट आणि कुकर ठणठणीत.

फिलर. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या मिनिटात वाजणारी गाण्याची धून. मास्टर इब्राहीम यांचं क्लॅरिनेट, व्हॅन शिप्ले यांची गिटार, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचं अ‍ॅकॉर्डियन. निवेदक नाव सांगायचा नाही. धून अर्ध्यात कापून बातम्या. कोणी वाजवलंय ते नुसत्या हातावरून ओळखायचं, हा त्या वेळचा खेळ होता.

ऐकून घेण्याची खोली. मुंबईत काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये रेकॉर्ड विकत घेण्याआधी बूथमध्ये लावून ऐकता यायची. घ्यायला पैसे नसणारेही ऐकत, आणि दुकानदाराला ते ठाऊक असे. फेब्रुवारी २०१६ संपला आणि दुकानही बंद झालं.

बैठक. रविवारी दुपारी कुणाच्या तरी दिवाणखान्यात सात-आठ जण. यजमान तबकडी लावतो, कव्हर पाठीमागे लपवतो.

‘ओळखा.’

‘अप्पा, हे एस. डी. बर्मन नाहीत. ब्रास ऐका.’

‘एसडीच. “ज्वेल थीफ”चं टायटल. ब्रास म्हणून फसलात.’

‘मग अ‍ॅरेंजर कोण?’

इथे वाद पेटायचा आणि चहा गार व्हायचा. असली मंडळं अजून आहेत. पुण्यात ‘पंचममॅजिक’ने आर. डीं.च्या वादकांना स्टेजवर बोलावलं आणि गाजलेले म्युझिक पीस ज्यांनी वाजवले त्यांच्याच हातून पुन्हा ऐकवले. मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे. पण पहिल्या रांगेतली डोकी पांढरी आहेत हे मान्य करायला हवं.

फोनवर आता क्षणात गाण्याची लिंक येते. आवाज स्वच्छ, एरवी दहा वर्षं शोधावं लागलं असतं ते दहा सेकंदांत. याला नावं ठेवणारा मी नाही. घासलेली ७८ ज्याने अख्खी ऐकली आहे तो ठेवणारही नाही. मात्र लिंक आली की खाली अंगठा येतो आणि विषय संपतो. ‘कुठल्या मिनिटाला?’ असं विचारणारा राहिला नाही.

शंभर वादकांचा हॉल. ताडदेवचं फिल्म सेंटर, परळचं राजकमल, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब. एकाच वेळी सगळे वाजवणार. शेवटच्या ओळीत कुणी चुकला तर पहिल्यापासून. सिंथेसायझर आला, मग प्रत्येक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित करायची सोय आली आणि हा रिवाज जवळजवळ संपला. अजय-अतुल यांना २०१६ च्या ‘सैराट’साठी मोठा सिंफनी ऑर्केस्ट्रा हवा होता, तेव्हा ते लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर गेले. करमाळ्याच्या मातीतली गोष्ट आणि व्हायोलिनं तिकडची. ऐकायला सुंदरच आहे. पण एके काळी या कामासाठी ताडदेवला बसने जाता येत होतं.

वादकांचं नाव. लेबलवर आलं नाही म्हणालो होतो, तेच. या हॉलमधले कितीतरी वादक आणि अ‍ॅरेंजर गोव्याचे. त्यांतले बरेचसे चर्चच्या शाळेत पाश्चात्त्य नोटेशन शिकलेले, म्हणून कागदावर लिहिलेलं संगीत वाचू शकणारे. सेबास्टियन डिसोझा हे शंकर-जयकिशनचे अ‍ॅरेंजर, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, आणि दत्ताराम, ज्यांच्या ठेक्यालाच त्यांचं नाव पडलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव त्यांनी गाण्यात आणलं. देशभर ते नाव दुमदुमलं, आणि ऐकणाऱ्यांना वाटलं ते अमिताभच्या पात्राचं आहे. ‘रूप तेरा मस्ताना’मधलं अ‍ॅकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचं. ‘नागिन’ची पुंगी ही पुंगीच नव्हती, ती कल्याणजींनी क्लाव्हिओलिनवर आणि रवींनी हार्मोनियमवर वाजवली होती. ‘दोस्ती’तला माउथ ऑर्गन आर. डी. बर्मन यांचा. एवढीही माहिती छापील कागदाने दिली नाही. ती वादकांनी एकमेकांना आणि ऐकणाऱ्यांनी एकमेकांना सांगितली म्हणून टिकली. ग्रेगरी बूथ नावाचा संशोधक मुंबईत येऊन या वादकांना भेटला आणि २००८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक काढून गेला. ते इंग्रजीत आहे. मराठीत शिरीष कणेकरांनी संगीतकार आणि गायकांवर झकास लिहिलं. वादकांवर तसं लिहिणारा आपल्याला मिळाला नाही, ही या यादीतली मला सर्वांत खटकणारी जागा.

शेवटी एक विनंती. घरात आजोबांच्या रेकॉर्डी असतील तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी लेबलवरचा नंबर आणि नावं वहीत उतरवून घ्या. कव्हरवर पेनने काही खरडलेलं असेल तर तेही घ्या. रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. पुसायच्या असतील तर मऊ कोरड्या फडक्याने पुसा. ७८ च्या रेकॉर्डी लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.