गाठ धरण्याआधी

सोयाबीनचं रोप हिसका देऊन उपटलं, तर गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने बाजूची माती सैल करायची, ढेकळासकट रोप उचलायचं आणि मुळं बादलीत हलकेच धुवायची. फुलोऱ्यातली गाठ ब्लेडने चिरून आत तांबूस-गुलाबी दिसली, की समजायचं नत्र बांधणं चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. शेतकऱ्यांना हे ठाऊक असतंच. माझं काम त्याच्या आधीचं, गाठ दिसायला लागण्यापूर्वीच्या मुळातलं.

ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाचा परिणाम जिथे होईल तिथे निळा रंग उमटावा, अशी जनुकाची जोडणी त्या मुळात केलेली असते. रात्रभर द्रावणात ठेवलेलं मूळ अल्कोहोलने निवळलं, की सालीच्या आत निळा ठिपका दिसतो. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर मोठ्या जुन्या पेशींत आडव्या, कोवळ्या भिंती पडलेल्या असतात. पेशी विभागू लागल्या, आणि नत्र बांधणारे रायझोबियम जिवाणू अजून वरच, मूलरोमात! हे बघताना दरवेळी हरखून जायला होतं.

गाठ रायझोबियम तयार करतो, असं आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. लोटस जॅपोनिकस या छोट्या शेंगवर्गीय रोपाची दोन उत्परिवर्तनं २००७ साली प्रसिद्ध झाली. एकात सायटोकायनिन हे संप्रेरक ओळखणारं प्रथिन कायमचं जागं होतं; जिवाणू नसतानाही गाठी आल्या, फक्त आतून रिकाम्या. दुसऱ्यात तेच प्रथिन निकामी होतं. जिवाणू भाराभर शिरले, पण आतल्या पेशी वेळेवर विभागल्याच नाहीत. निरोप जिवाणूचा, बांधणी मुळाची.

झाड हातही राखतं. मेडिकागो या दुसऱ्या शेंगवर्गीय वनस्पतीचं, इथिलीन या संप्रेरकाला दाद न देणारं रोप १९९७ साली सापडलं. त्यात जिवाणूंचा शिरकाव दसपटीवर गेला. सोयाबीनमध्ये इथिलीनचा हा लगाम इतका ठळक दिसत नाही. एका पिकाचं दुसऱ्याला लावू नये, ते यासाठीच.

‘हार्मोन फवारलं तर गाठी वाढतील ना?’ असं विचारतात, तेव्हा मी थांबवते. लोटसमध्ये मुळातलं सायटोकायनिन गाठ घडवतं आणि शेंड्याकडून आलेलं तेच द्रव्य गाठी रोखतं. पानावर मारलेला थेंब कोणत्या बाजूने बोलेल, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. त्यापेक्षा पेरताना बियाण्याला ताजं रायझोबियम चोळा आणि युरियाचा हात आखडता ठेवा. जमिनीत नायट्रेट जास्त झालं, की रोप गाठी धरायचंच कमी करतं.