दिवसाला एकच प्रश्न

३ ऑगस्ट २०२५, रविवार
सोसायटीच्या ऑफिसची खोली एप्रिलनंतर आज उघडली. तळमजला, भिंतीला ओल, कपाटातल्या वह्यांना कुबट वास. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे, त्याआधी हिशेब तपासून सभासदांच्या हाती द्यायचे, म्हणून कॉम्प्युटर लावला. पंखा फिरला, विंडोज सेव्हनचं चिन्ह आलं आणि सगळं जागच्या जागी थांबलं. माउस हलेना. कॅप्स लॉक दाबलं तर कीबोर्डवरचा दिवाही लागेना. म्हणजे नुसता पडदा अडकलेला नाही, आतलं सगळंच थिजलंय. बटण दाबून धरून बंद केला, पुन्हा लावला. चौथ्या खेपेला सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चालला.

चालतोय तोवर पहिलं काम नक्कल. टॅलीचा डेटा, सभांची इतिवृत्तं, २०१० पासूनची सगळी खाती दोन पेन ड्राइव्हवर घेतली. एक माझ्या कपाटात, एक सेक्रेटरींकडे. बँकेत असताना बॅकअप झाल्याशिवाय घरी जायचे नाही, ती सवय कामी आली.

४ ऑगस्ट, सोमवार
सकाळी पुन्हा तेच. आज नीट पाहिलं तर तारीख १ जानेवारी २००९ दाखवतोय. टॅलीत अशा तारखेला व्हाउचर पडलं तर वर्षाचा हिशेब विस्कटेल. सेक्रेटरी म्हणाले, “काकू, सरळ फॉरमॅट मारून घ्या, नाहीतर नवा घेऊ.” मी नाही म्हटलं. कारण कळल्याशिवाय पुसापुशी करायची नाही.

६ ऑगस्ट, बुधवार
तिसऱ्या मजल्यावरची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी कॉलेजातून आल्यावर काल खाली आली. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढून मीटर लावला. ३ व्होल्टच्या जागी १.९. आम्ही खोली बंद करताना भिंतीवरचं बटण बंद करतो, त्यामुळे इतके महिने आतलं घड्याळ एकट्या या बॅटरीवर चाललं. स्टेशनजवळून सीआर २०३२ आणून बसवली.

आज सकाळी तारीख बरोबर, वेळ बरोबर, आणि कॉम्प्युटर पुन्हा थिजलेला. बॅटरी बदलायला हवीच होती, पण दुखणं तिचं नव्हतं.

७ ऑगस्ट, गुरुवार
या कामातली खरी अडचण आता कळली. बिघाड फक्त रात्रभर बंद राहिल्यावर दिसतो. दुपारी काहीही करा, सुरळीत चालतो. म्हणून दुपारी “झालं” म्हणणं फसवं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळीच. दिवसाला एकच प्रश्न विचारता येतो, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर उत्तर कोणाचं हे कळणार नाही.

आजचा प्रश्न रॅमचा. पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला, धूळ ब्रशने झाडली, पट्टी पुन्हा बसवली.

९ ऑगस्ट, शनिवार
काल सकाळी थिजला, म्हणजे रॅमचे दात नव्हेत.

आज राखी पौर्णिमा, भाऊ दुपारी येणार, म्हणून सातलाच खाली गेले. काल रात्री मुलीने सुचवलं होतं की विंडोजपर्यंत जाऊच द्यायचं नाही. सुरू होताच डिलीट दाबून बायोसच्या निळ्या पडद्यावर थांबले. तिथे घड्याळाचे सेकंद पळताना दिसतात. खुर्ची ओढून नुसती बघत बसले. साधारण तीन मिनिटांनी ४१ वर सेकंद थांबले ते थांबलेच.

या एका पडद्याने निम्मे संशयित सुटले. विंडोज अजून सुरूच झालं नव्हतं आणि त्याच्या फायली हार्ड डिस्कवरच असतात, त्यामुळे फॉरमॅट मारून काहीही साधलं नसतं. पंधरा वर्षांचे हिशेब मात्र विनाकारण पणाला लागले असते.

१२ ऑगस्ट, मंगळवार
आता संशय वीज पुरवणाऱ्या डब्यावर, एसएमपीएसवर. जाळीतून टॉर्च मारला तर आतल्या दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. त्यातला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो, अंतर्गत रोध वाढतो, मग व्होल्टेज स्थिर राहत नाही. थंड असताना रोध सगळ्यांत जास्त. डबा तापला की उतरतो. म्हणून चौथ्या खेपेला चालतो. महिनोन्‌महिने वीज न मिळाल्यानेही कपॅसिटरमधला ऑक्साइडचा पातळ थर झिजतो. बंद ठेवला म्हणजे जपला, अशी माझी समजूत होती.

डबा आम्ही उघडला नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. मुलीने तिच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरचा चालू डबा आणून आजची रात्र जोडून ठेवला.

१४ ऑगस्ट, गुरुवार
काल आणि आज, दोन्ही सकाळी पहिल्या खेपेला सुरू. बायोसवर अर्धा तास ठेवला, सेकंद थांबले नाहीत. स्लो लोकलने ग्रँट रोडला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून नवा एसएमपीएस आणला, संध्याकाळी बसवला, मुलीचा परत केला.

१९ ऑगस्ट, मंगळवार
कालपासून पाऊस थांबलेला नाही. शाळांना सुट्टी. आवारात पाणी, ऑफिसच्या पायरीला लागलंय. कॅबिनेट टेबलावर चढवून प्लग काढून ठेवला. पाणी आत आलं नाही.

सेक्रेटरी पुन्हा विचारत होते, एवढा जीव का टाकायचा. आम्ही विमानतळाला खेटून. उंचीच्या बंधनामुळे आमचा पुनर्विकास अडून बसलाय, इमारत दुरुस्त्यांवर उभी आहे. आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येक सदनिकेकडून बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीला आणि पाव टक्का सिंकिंग फंडाला घेतो. कोणी किती भरले, कुठल्या स्लॅबवर किती गेले, हे सगळं या खोक्यात आहे. पेन्शनीतून भरणारे सभासद आहेत आमच्याकडे. त्यांच्या पैशाचा उतारा त्यांना मागताक्षणी मिळाला पाहिजे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
तीन दिवस बंद होता. सकाळी ८.४० ला लावला, पहिल्या खेपेला सुरू. तारीख बरोबर. दुपारपर्यंत ताळेबंद छापून झाला.

खोलीच्या दाराआड कागद लावलाय: दर रविवारी सकाळी १० वाजता कॉम्प्युटर एक तास चालू ठेवावा, पेन ड्राइव्हवर नक्कल घ्यावी, खाली सही करावी. २४ तारखेची पाळी माझी आहे.