कापलेला कोपरा

आमच्या वाडीत दर दोन-तीन घरांमागे एक माणूस दर्यावर. कोणी मुंबईच्या गोदीत, कोणी मालवाहू बोटीवर, कोणी आरमारात. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात हेच चित्र दिसायचं. शेत पोटापुरतं नाही, रापणीचा भाग चार जणांत वाटून हातात काय उरणार? मिसरूड फुटलं की पोरगा बोटीवर चढायचा. मग चतुर्थीच्या आधी मनिऑर्डर येई आणि पोस्टमनला चहा-लाडू मिळत.

आरमारातून परत आलेली तीन माणसं माझ्या लहानपणी वाडीत होती. त्यांतल्या दोघांना पेन्शन होती आणि लग्नाकार्यात मान होता. तिसरे आमचे तात्या, माझ्या बाबांचे चुलत भाऊ. त्यांच्याबद्दल कोणी उघड बोलत नसे. बायामाणसं पाणवठ्यावर हळूच म्हणत, "कायतरी केल्यान आसतला. उगीच काय सरकार घराक धाडता?" कोणी म्हणे बोटीवरच्या कोठारातलं सामान विकलं, कोणी म्हणे गोऱ्या साहेबावर हात टाकला. तात्या ऐकून न ऐकल्यासारखं करीत. ते गावच्या भातगिरणीचं इंजिन चालवायचे. स्टोकर होते ना, बॉयलरच्या भट्टीपाशी जवानी गेलेली. इंजिन आजारी पडलं की नुसता कान लावून दुखणं सांगत. त्या हाताला बंदरात सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण नोकरीसाठी आरमाराचा दाखला दाखवावा लागतो, आणि तात्या तो दाखला कोणाला दाखवीत नसत.

मी आठवीत होतो तेव्हा तो कागद मी पहिल्यांदा बघितला. 1972 साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना महिना दोनशे रुपये पेन्शन जाहीर केली होती. त्याची बातमी वर्तमानपत्रातून, मग शाळेतल्या गुरुजींकडून फिरत फिरत तात्यांपर्यंत पोचली. एका संध्याकाळी त्यांनी मला पडवीत बोलावलं. "झिला, तुझा इंग्रजी बरा आसा मां? एक अर्ज लिवूचो आसा." मग आतून पत्र्याची ट्रंक ओढत आणली, तळातून मेणकापडात गुंडाळलेला जाड कागद काढला आणि माझ्यासमोर पसरला.

त्या कागदाचा एक कोपरा नव्हता. फाटलेला नव्हे, कातरीने सरळ तिरपा कापलेला.

मी विचारलं, "उंदरान खाल्ल्यान?"

"उंदराची कातर येवढी सरळ नाय चालणा," तात्या म्हणाले.

ही इंग्रजी आरमाराची रीत. प्रत्येक खलाशाचा एक नोकरीचा दाखला असे. कुठल्या बोटीवर किती दिवस, वागणूक कशी, सगळं त्यावर चढे. माणसाला वाईट शेऱ्यावर किंवा बेअब्रू करून काढलं, की त्या कागदाचा कोपरा कापून टाकायचा. पुढे नोकरी देणाऱ्याने एक अक्षर वाचायची गरज नाही. कागद लांबून दिसला की समजावं. तात्यांच्या कागदावर 1942, 43, 44, 45 या सालांपुढे वागणूक 'व्हेरी गुड' अशी लिहिलेली होती. अराकानच्या किनाऱ्यावर जपान्यांशी लढाई चालली होती तेव्हा ते तिकडच्या बोटीवर होते. शेवटच्या ओळीत, 1946 पुढे, एकच शब्द होता, 'बॅड'.

काकी दारात उभी होती. लग्नाला चोवीस वर्षं झालेली, आणि तिनेही तो कागद त्याच दिवशी पाहिला. ती काही बोलली नाही. फक्त दिवा थोडा पुढे सरकवला.

त्या रात्री तात्यांनी 1946 सालचं सांगितलं. पुढे मी त्याबद्दल पुस्तकांत वाचलं, तेव्हा त्यांचं सांगणं कुठे खोटं पडलं नाही. 18 फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या तळावर, जिथे बिनतारी संदेशाचं शिक्षण देत, तिथल्या खलाशांनी जेवण नाकारलं. डाळीत खडे, भाकरी नको अशी, आणि वर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या. पण डाळ हे निमित्त. एकाच बोटीवर एकच काम करून गोऱ्याला वेगळा पगार आणि हिंदी माणसाला वेगळा, हे खरं दुखणं. शिवाय आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत आणा, अशाही मागण्या होत्या. दोन दिवसांत वणवा मुंबईच्या बंदरभर आणि तिथून कराचीपर्यंत गेला. अठ्ठ्याहत्तर बोटी आणि वीस हजार खलाशी, असा आकडा पुस्तकांत येतो. बोटींच्या डोलकाठीवरून इंग्रजांचं निशाण उतरलं आणि काँग्रेसचं, लीगचं आणि लाल, अशी तीन निशाणं शेजारी शेजारी चढली.

तात्या तेव्हा फोर्टातल्या कॅसल बराकीत होते. लढाई संपलेली, घरी सोडायची वाट बघत बसलेले. आणखी दोन-चार महिने गप्प राहिले असते तर चांगल्या शेऱ्याचा कागद आणि थोडे पैसे घेऊन आले असते. हे ते स्वतःच सांगत, आणि पुढे म्हणत, "गप रवाक जमूक नाय."

"बराकीच्या फाटकार पयलो पारो मराठा पलटणीचो," तात्या सांगत होते. "आमी आतसून इचारला, खंयचो रे तू? तो म्हणता, सातारचा. मी म्हटलंय, मी मालवणचो. मगे तो बंदूक खाली करून उभो. तेंका हालवल्यानी आणि गोरे आणल्यानी. मगे गोळी सुरू झाली." तो दिवस 21 फेब्रुवारी. बराकीतल्या खलाशांनीही कोठारातल्या बंदुका काढल्या आणि कित्येक तास दोन्हीकडून गोळीबार झाला. आज त्या जागेला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. बाहेर मुंबईची माणसं गेटवेपाशी खाण्याच्या टोपल्या घेऊन आली. इराण्यांनी हॉटेलं उघडी टाकली. दुसऱ्या दिवशी गिरण्या बंद पडल्या, आणि शहरात झालेल्या गोळीबारात दोनशेच्या वर माणसं मेली. तात्या मेलेल्यांबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. "आमी तरी बंदूक धरूची भाकर खाल्ली होती. त्या गिरणीवाल्यांनी काय खाल्ल्यानी होती?"

23 तारखेला शरणागती झाली. वल्लभभाईंनी निरोप दिला होता की हत्यारं खाली ठेवा, कोणावर सूड उगवला जाणार नाही हे आम्ही बघू. खलाशांनी ऐकलं. त्यानंतर धरपकड झाली. तात्यांना मुलुंडच्या छावणीत तारेच्या कुंपणात ठेवलं, चौकशी केली, आणि एका सकाळी टेबलासमोर उभं करून कागदाचा कोपरा कापला. 476 जणांना नोकरीवरून काढलं, असं पुस्तकं सांगतात. तात्या त्यांतले एक. गणवेश काढून घेतला, घरचं तिकीट हातावर ठेवलं. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसले, मालवणच्या बंदरात पडावातून उतरले आणि रात्र पडेपर्यंत किनाऱ्यावरच्या सुरूंत बसून राहिले. उजेडी घरी जायचं धाडस झालं नाही.

दीड वर्षात स्वातंत्र्य आलं. पण काढलेल्यांना स्वतंत्र भारताच्या आरमारानेही परत घेतलं नाही आणि पाकिस्तानच्याही नाही. तात्यांना हे जास्त लागलं. "गोऱ्यान काढल्यान, तां तेच्या जागेर बरोबर. पण आपले पण म्हणाक लागले, बेशिस्त. मगे गावात काय सांगूचा? चोर म्हटलेला बरा, चोराक कोण काय इचारणा नाय."

आम्ही अर्ज लिहायला बसलो. शाळेत शिकवल्याप्रमाणे मी सुरुवात केली, 'आय बेग टू स्टेट'. तात्यांनी अर्थ विचारला. बेग म्हणजे भीक, हे त्यांना बोटीवरून ठाऊक होतं. "तो शब्द काढ." मी म्हटलं, अर्जात असंच लिहितात. "लिवत आसतीत. तू काढ." मी काढला.

अर्ज एक नव्हे, दोन झाले. एक पेन्शनसाठी. दुसरा, शेवटच्या ओळीतला 'बॅड' हा शब्द रद्द करून नवा, अख्खा दाखला द्यावा यासाठी. पैशाची गरज पहिल्या अर्जाला होती. घराची कौलं सडलेली, काकीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तरी तात्यांनी दुसरा अर्ज माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

पहिला अर्ज परत आला. तुरुंगवास सहा महिन्यांचा हवा, तात्यांचा काही आठवड्यांचा, तोही छावणीतला. दुसऱ्या अर्जाचं उत्तरच नाही. मग जिल्ह्याच्या गावी खेपा सुरू झाल्या. पहाटेची एसटी, कचेरीचं बाकडं, 'साहेब दौऱ्यावर', रात्रीची एसटी. मी अकरावीत गेलो, डी.एड. झालो, जवळच्या शाळेत मास्तर झालो, तरी खेपा चालूच. 1980 मध्ये योजना वाढली. स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शन असं नाव झालं, उत्पन्नाची अट गेली, महिना तीनशे झाले. चळवळीपायी ज्यांची सरकारी नोकरी गेली आणि पोट तुटलं, त्यांनाही ती लागू होती, आणि आरमाराचा उठाव चळवळींच्या यादीत होता. पुढल्या साली 1 मे रोजी आमचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला, तेव्हा तात्यांची फाईल दोन जिल्ह्यांच्या मधे काही महिने कुठे होती ते देवाला ठाऊक.

अखेर एका कचेरीतल्या कारकुनाने ती उघडली. पोरगेलासा, सरळ माणूस. त्याने दोन्ही अर्ज शेजारी ठेवले आणि म्हणाला, "तात्यानू, राग येऊ देऊ नका. नोकरी बंडापायी गेली ह्याचा तुमच्याकडे एकच पुरावा, हा कापलेला कागद. आणि तुम्हीच दुसरीकडे मागताय की हा रद्द करून चांगला द्या. चांगला आला तर तुम्ही पेन्शन कशावर मागणार? एक अर्ज मागे घ्या."

मला त्याचं पटलं. तात्या बराच वेळ बाकड्यावर बसून राहिले. बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. तेव्हा म्हणाले, "तेचा गणित बरोबर आसा. पण एक सांग, तीनशे रुपये देणारा सरकार म्हणता तू देशासाठी लढलंस. आणि दाखलो म्हणता तू वायट. दोनांतला एक खोटा आसाक होया ना? मगे मी कित्याक ठरवू? तेंकाच ठरवू देत."

अर्ज मागे घेतला नाही.

1982 च्या पावसाआधी पेन्शन मंजूर झाली. थकबाकीतून कौलं बदलली आणि काकीचा डोळा झाला. वाडीत कुजबुजणाऱ्या तोंडांनी आता 'स्वातंत्र्यसैनिक' हा शब्द धरला. 15 ऑगस्टला आमच्या शाळेत झेंड्याची दोरी तात्यांच्या हातात दिली. त्यांनी गाठ खलाशी पद्धतीने मारली, ती सोडवताना शिपायाची दमछाक झाली. दुसऱ्या अर्जाला मात्र त्याच साली उत्तर आलं, चार ओळींचं. जुन्या राजवटीतल्या शिक्षेचा फेरविचार करण्याची तरतूद नाही.

तात्यांनी पत्र घडी करून मेणकापडात ठेवलं. पुढच्या 18 फेब्रुवारीला मला बोलावून पुन्हा अर्ज लिहायला लावला. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी म्हणायचो, आता गावात सगळ्यांना कळलंय, पैसे मिळतायत, कशाला? ते म्हणायचे, "गावाक कळला. कागदाक खंय कळला?" त्यांच्या मरणापर्यंत दर 18 फेब्रुवारीला एक अर्ज गेला. मी मोजलेले आठ. पोचपावत्या ट्रंकेत आहेत.

हल्ली लष्करातून काढलेल्या माणसाला दाद मागायला सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा 2007 चा. पलीकडच्या गावातला एक माजी खलाशी त्याबद्दल विचारायला माझ्याकडे आला होता. त्याच्या दाखल्यावरही शेरा वाईट. मी त्याला वकिलाचं नाव दिलं आणि तात्यांचे अर्ज वाचायला दिले. त्याने पहिली ओळ वाचून विचारलं, "सर, ह्यात विनंती कुठे आहे?" मी म्हटलं, ती काढून टाकायला सांगितली होती.

तात्या गेल्यावर पेन्शन काकीच्या नावावर करायची होती. नव्या कचेरीत नवी मुलगी बसलेली. तिने मूळ कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "आजी, ह्याचो कोपरो खंय गेलो?"

काकी म्हणाली, "तो सरकाराकडेच आसा, बाय. दोन सरकारां झाली, कोणीच परत देवक नाय."

मुलीने कागदावर शिक्का मारला. जागा भरपूर असूनही तो कापलेल्या कडेच्या अगदी जवळ पडला.