मे महिन्याची हजेरी

पौड, सोमवार, ६ मे २०२४

शाळेला २ तारखेपासून सुट्टी लागली, आता १५ जूनला उघडणार. शाळा असते तेव्हा थोरली दिवसभर तिकडे, दुपारची खिचडीही तिकडेच. आता शाळा बंद, खिचडी बंद, माझी कंपनी तेवढी चालू.

हे हिंजवडीला रात्रपाळीची कॅब चालवतात. सकाळी सातला येतात, चहा घेऊन आडवे होतात ते तीनपर्यंत. घरात मोठं माणूस असतं का असं कुणी विचारलं, तर असतं. झोपलेलं असतं एवढंच. रात्री काम करणाऱ्या मुलींना हे वाकड-बाणेरला अगदी दारात सोडतात. मी पिरंगुटहून वडापच्या जीपमध्ये अंग चोरून घरी येते.

रात्री आत्याबाईंनी भाकऱ्या थापता थापता सांगितलं, "उद्या मत टाकते आणि निघते. भावाची सून बाळंत झालीय, शेकशेगडीला कुणी नाय तिला." ती बाळंतीण महिनाभरात पुन्हा शेतातल्या का कुठल्या कामावर जायची आहे. मी काय बोलणार? माझ्या दोन्ही बाळंतपणांत आत्याबाईंनीच अंग शेकलं होतं.

म्हणजे रविवारपर्यंत धाकट्याला थोरली सांभाळणार. तो चार वर्षांचा, ती दहाची. तिला विचारलं तर म्हणाली, "रोजचे दहा रुपये." ओव्हरटाइमचे डबल असतात हे तिला माझ्या आणि ह्यांच्या बोलण्यातून कळलेलं आहे. मी हो म्हटलं. तिने लगेच जुन्या वहीचं मागचं पान काढून रकाने आखले. तारीख, हजर, सही. सही माझी हवी म्हणे.

मंगळवार, ७ मे

मतदान. कंपनीला पगारी सुट्टी. बारामती मतदारसंघात आमचा मुळशीही येतो, भोर विधानसभेतून. यंदा नणंद विरुद्ध भावजय, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार. आत्याबाईंचं मत महिनाभर एकच: "दोघीतली कोणतीबी येऊ दे, घरात भांडान व्हायचंच." खरं मत कुणाला टाकलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बूथ थोरलीच्याच शाळेत. आपल्या वर्गात परकी माणसं बसलीत म्हणून ती फुगली. धाकट्याला बोटाला शाई हवी होती, शेवटी घरी येऊन पेनाने लावली. शेजारच्या वहिनी अंगणवाडी सेविका, त्यात बीएलओ. कालपासून त्या मतदार याद्या घेऊन उन्हात उभ्या. गेल्या डिसेंबर-जानेवारीत सेविकांचा संप झाला, बावन्न दिवस, तेव्हा आमचा धाकटा घरी होता आणि मी वहिनींवर मनातल्या मनात चिडले होते. आज त्यांना ताकाचा तांब्या नेऊन दिला.

आत्याबाई दुपारच्या गाडीने गेल्या. त्यांचं माहेर मुळशी धरणाच्या काठावर. धरणाचं पाणी डोंगरातून खाली कोकणात भिऱ्याला जातं, तिथे वीज होते आणि मुंबईला जाते. १९२७ पासून जातंय. त्यांच्या माहेरच्या वाडीला मे महिन्यात टँकर लागतो. स्टँडवर गाडीची वाट बघताना त्या आपल्या आज्जीबद्दल सांगत होत्या. १९२१ च्या रामनवमीला धरणाविरुद्धचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट, भुस्कुटे ही नावं मला शाळेपासून माहीत. बायकाही त्यात उतरल्या होत्या हेही वाचलं होतं. त्यांची तान्ही कुणी सांभाळली हे मी वाचलं त्यात नव्हतं. आत्याबाईंना ठाऊक होतं. "आज्जी तवा पाळण्यात. तिच्या थोरल्या बहिणीनं धरली तिला. ती असंल आठ-नऊ वर्षांची."

बुधवार, ८ मे

अंगणवाडी सकाळची. तिथून धाकट्याला थोरली आणते, वरण-भात भरवते, झोपवते. गॅस पेटवायचा नाही, गल्लीबाहेर जायचं नाही, काही झालं तर बाबांना हलवून उठवायचं. एवढं सांगून निघाले.

दुपारी लाइनवरच्या एकीने नाक वर केलं. "धूर येतोय." सगळ्यांचे हात थांबले. खिडकीतून पाहिलं तर पलीकडच्या उतारावर कुणी भाताचा राब भाजत होतं. गवत-पालापाचोळा अंथरून जाळायचा, त्या राखेवर जूनमध्ये रोप टाकायचं. दर मे महिन्यात डोंगर असा धुरकटतो. लहानपणापासून तो वास मला आवडायचा.

उरवडे इथून जवळ. ७ जून २०२१ ला तिथल्या सॅनिटायझरच्या कारखान्यात आग लागली. मेली त्यांत बहुतेक बायका. कुणाकुणाची पोरं संध्याकाळपर्यंत दारात बसून होती असं तेव्हा लोक सांगत. आमच्या लाइनवर दोघी तिकडच्या आहेत. त्या ह्या विषयावर बोलत नाहीत. राबाचा धूर आहे म्हटल्यावरही त्यांनी काम लगेच सुरू केलं नाही.

मी खाली उतरून बघितलं, मागचं शटर उघडं होतं. मग स्टोअरमध्ये जाऊन नोंदी पुऱ्या केल्या.

रात्री कुरडयांसाठी गहू भिजत घातला.

गुरुवार, ९ मे

डबा खाताना पाळणाघराचा विषय निघाला. मी मागे एकदा हिंमत करून ऑफिसात विचारलं होतं. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात आहे की तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या पोरांसाठी खोली हवी. आधी आकडा पन्नासचा होता, १९७६ ला तीसचा केला. आमच्याकडे कायम बायकांचा आकडा तिसाच्या जवळ येतो आणि तिथेच थांबतो. ठेकेदाराच्या धरल्या तर सकाळी गेट अपुरं पडतं. कायद्याने त्याही मोजायच्या असतात. मोजत नाहीत. "बघू" असं उत्तर मिळालं होतं.

आणि समजा खोली झालीच, तर धाकट्याची सोय होईल. थोरलीचं काय? सहाच्या पुढच्या पोराला कुणी सांभाळावं लागतं असं कायदा करणाऱ्यांना वाटलेलं दिसत नाही. सहा वर्षं झाली की पोर आपोआप मोठं होतं. मुलगी असेल तर लगेच दुसऱ्याला सांभाळायच्या कामाची. मी स्वतः तशीच कामाला लागले होते, त्यामुळे मला हे फार उशिरा खटकलं.

गव्हाचं पाणी बदललं.

शुक्रवार, १० मे

आखिती. चारला उठून पुरण शिजवलं. आत्याबाई नाहीत, तर मातीचा करा मीच भरला, सासऱ्यांच्या नावाने नैवेद्य दाखवला. रायवळ आंब्यांचा रस केला, हापूस ह्या वर्षीही नाही. आखितीला भोपळ्या-दोडक्याची आळी करायची असतात, वेल धरतात म्हणे. ह्यांनी झोपायच्या आधी परसात दोन खड्डे घेतले, बिया थोरलीने टाकल्या. आठ वाजता मी जीपमध्ये. सणाची सुट्टी कंपनीला नाही.

शनिवार, ११ मे

संध्याकाळी पिरंगुट ते पौड गाड्याच गाड्या. पुण्याची माणसं ताम्हिणीकडे निघालेली. पाऊस नाही, धबधबे नाहीत, तरी जातात. जीप तुंबून उभी राहिली तेव्हा रस्त्याकडेला एक कातकरी बाई करवंदं विकत होती, पळसाच्या द्रोणात. झाडाला झोळी बांधलेली, झोळीला झोका द्यायला सात-आठ वर्षांची पोर. गाडीतल्या कुणीतरी काच खाली करून भाव कमी करायला लावला आणि दोन द्रोण घेतले. मीही घेतले, भाव न करता. पण हे लिहिताना उगीच मोठेपणा वाटतोय. आमच्या थोरलीला करवंदांच्या जाळीत जायचं होतं सोमवारपासून. तिला जाता आलं नाही, मी विकतची आणली.

घरात आंबलेल्या गव्हाचा वास. वहिनींच्या ग्राइंडरवर गहू वाटला, फडक्याने चोथा काढला, चीक रात्रभर निवळायला ठेवला.

रविवार, १२ मे

सकाळी कंपनीच्या ग्रुपवर गुलाबाचं चित्र, मातृदिनाच्या शुभेच्छा. खाली सूचना: सोमवारी जनरल शिफ्ट अर्धा तास आधी सुरू होईल.

आत्याबाई पहिल्या गाडीने परत आल्या. वरचं निवळ पाणी ओतून टाकलं, मोठ्या पातेल्यात चीक शिजवायला घेतला. गुठळी होऊ द्यायची नाही म्हणून हे घोटायला बसले. हे त्यांचं वर्षातलं एक काम, आणि ते करतात मन लावून. पोरांनी वाटीत साखर घालून गरम चीक आधीच संपवायला घेतला. सोऱ्यातून कुरडया घालून गच्ची भरली. अकराला ढग आले तेव्हा आत्याबाईंनी आभाळाला दोन शिव्या घातल्या, मी प्लास्टिक शोधायला धावले. पाऊस आला नाही. कुरडया अर्ध्या वाळल्यात.

दुपारी थोरली वही घेऊन आली. मंगळवार ते रविवार, सहा हजेऱ्या. रविवारचे डबल धरून सत्तर रुपये.

मी म्हटलं, "मंगळवार कापला. मी घरी होते."

"तुला मतदानाची सुट्टी पगारी मिळाली ना?"

"मिळाली."

"मग मला का नाही?"

हे हसायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, "दे की गं, सही तूच केलीस."

सत्तर दिले. तिने वहीवर 'मिळाले' लिहून घेतलं आणि विचारलं, जून महिन्यात भाव वाढणार का.