शाळेत बसून बिअर

आप्पांसमोर मी कधी बिअर घेतली नव्हती. म्हणजे मी घेतो हे त्यांना माहीत होतं, त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि हा विषय घरात कुणी काढायचा नाही असा एक अलिखित करार होता. परवाच्या शनिवारी तो मोडला. आणि तोही चक्क एका शाळेत!

तर झालं असं. आप्पा (माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त) महिनाभरासाठी माझ्याकडे हिल्सबरोला आलेत. आई ताईच्या बाळंतपणात अडकलीय, म्हणून एकटेच. मल्टनोमाचा धबधबा झाला, समुद्र झाला, कॉस्टको तर दोनदा झालं. आता काय दाखवायचं या विचारात असताना पोर्टलंडचं केनेडी स्कूल आठवलं. "शाळा बघायला जाऊ" म्हटल्याबरोबर आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. गाडी असताना ट्रेन आणि मग बस कशाला, असं त्यांनी विचारलं. मी पार्किंगचं कारण पुढे केलं. शाळेचं आता हॉटेल झालंय, हे ट्रेन सुटल्यावर सांगितलं.

मी आपलं ठोकून दिलं होतं की ही शाळा राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या नावाची. आप्पांनी साल वाचलं, १९१५, आणि म्हणाले, "त्यांचा जन्म १९१७ चा. ही आधीची." गुरुजी ते गुरुजीच! नंतर बघितलं तर हा वेगळा जॉन केनेडी, याच भागात जमीन घेतलेला एक आयरिश माणूस. १९७५ साली पट घसरला म्हणून शाळा बंद पडली. इमारत पाडायचं घाटत होतं, तेव्हा शेजारपाजारच्या लोकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी ती वाचवायला जोर लावला. मग मॅकमेनामिन्स नावाच्या दोघा भावांच्या कंपनीने ती घेतली आणि १९९७ साली तिथे हॉटेल काढलं. वर्गांच्या झाल्या खोल्या, सभागृहाचं झालं थिएटर. एका बारचं नाव 'डिटेन्शन', दुसऱ्याचं 'ऑनर्स'. (मी शाळेत असतो तर कुठल्या बारमध्ये बसलो असतो हे सांगायची गरज नाही.)

साफसफाईसाठी एका खोलीचं दार उघडं होतं. आत पलंग, आणि भिंतीवर खराखुरा फळा. आप्पा दारातच थांबले. आत जायला परवानगी नव्हती, नाहीतर ते फळा पुसून आले असते असं मला आपलं वाटलं.

जेवणाची जागा म्हणजे शाळेची जुनी खानावळ, जिथे पोरं जेवायला बसत. आप्पांसाठी मी बिनमांसाचा बर्गर मागवला. योगायोग म्हणजे गार्डनबर्गर नावाचा भाज्या-धान्याचा बर्गर पोर्टलंडच्या शेजारच्या ग्रेशममध्येच पॉल वेनर या गृहस्थाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवला होता. आप्पांनी बर्गर उघडला, कांदा-टोमॅटो बाजूला काढून कोशिंबिरीसारखा आधी खाऊन टाकला, आणि आतली टिक्की पावाच्या खालच्या अर्ध्याशी तोडून तोडून खाल्ली. वरचा अर्धा तसाच. "कोरडं लागतं" हा शेरा. पण सोबतचे टेटर टॉट्स मात्र फारच आवडले. हे टॉट्स ओरेगनचेच, ओर-आयडा कंपनीने १९५३ मध्ये काढलेले. फ्रेंच फ्राइज कापल्यावर उरणारा बटाट्याचा चुरा वाया जाऊ नये म्हणून! हे ऐकून आप्पा खूश. त्यांनी कैक वर्षं पोषण आहाराचं साठा रजिस्टर सांभाळलंय. पोरामागे १०० ग्रॅम तांदूळ, आणि एक किलो इकडचा तिकडे झाला तर खुलासा.

आता बिअर. इथल्या कायद्यात १९८५ साली बदल झाला आणि जिथे बिअर गाळायची तिथेच ती ग्राहकाला विकायची सोय झाली. याच भावांनी त्याच वर्षी पोर्टलंडच्या हिल्सडेल भागात पहिली तशी जागा सुरू केली. केनेडी स्कूलमध्येही इमारतीतच बिअर तयार होते. मी हॅमरहेड मागवली, हॉप्सचा कडवटपणा असलेली. वेट्रेसने ग्लास टेबलावर ठेवला आणि मी आप्पांकडे न बघता मेनूकार्ड वाचायला लागलो, जेवण मागवून झालं होतं तरी.

"पार्किंगचं कारण हे होय," आप्पा म्हणाले.

मी गप्प. मग त्यांनीच विचारलं, कडू नसलेली असते का? मी रुबी सांगितली, रासबेरीची. लालसर रंग बघून त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला. "कोकम सरबतात सोडा." अर्धा ग्लास संपवला मात्र. चढायचं काही कारण नव्हतं, पण आप्पा बोलायला लागले.

त्यांची शेवटची शाळा पाटण तालुक्यातल्या आमच्याच वाडीची. दोन खोल्या, पहिली ते चौथी. गेल्या जूनमध्ये चार पोरं उरली होती, ती शेजारच्या गावच्या शाळेत घातली आणि दाराला कुलूप लावलं. आता व्हरांड्यात कुणी कडबा रचलाय. मी म्हटलं, "लोक मुंबईला गेले, राहिलेत त्यांना इंग्लिश मीडियम पाहिजे, तुम्ही काय करणार?"

"पट कधीपासून उतरला ते मला विचार," आप्पा म्हणाले. "२००५. तेवीस होता, बावीस झाला."

त्या वर्षी मला दुसरीनंतर काढून कराडच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. मला त्यातलं फक्त बूट आठवतात, आणि सकाळी साडेसहाची एसटी.

"गुरुजींनीच पोरगं काढलं म्हटल्यावर बाकीचे कशाला ठेवतील? पुढच्या जूनला पाच गेली." ते एकेका पोराचं नाव घेत गेले, आडनावासकट. "तुझा दाखला मीच लिहिला. शाळा सोडण्याचं कारण म्हणून रकाना असतो."

"काय लिहिलंत?"

"पालकांच्या इच्छेनुसार." ते थोडे हसले. "आणि खाली मुख्याध्यापकाची सही."

मला वाटलं काहीतरी बोलावं. तुम्ही घातलंत म्हणून तर मी इथवर आलो, वगैरे. पण ते त्यांना माहीतच होतं, तोच तर घोळ होता. मी शेवटचे दोन टॉट्स त्यांच्या ताटात सरकवले. त्यांनी एक परत माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, बिल आण, आणि निघायच्या आधी तो फळा परत एकदा बघू.

तोवर त्या खोलीचं दार बंद झालं होतं.