चवदार तळ्याच्या पायरीवर

मुंबई-गोवा रस्त्याने पेण, माणगाव मागे टाकून एस.टी. महाडला पोचली की आपल्या माणसाचे पाय आपोआप चवदार तळ्याकडे वळतात. नगरपालिकेने 1924 सालीच हे तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेब हजारो बांधवांसह चालत गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या ठरावात जीव आला.

याच तळ्यावर आम्ही एकदा मान खाली घालून उभे राहिलो. ती हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे बालपण गिरणगावातील चाळीत गेले. वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी कायमची गेली. पगाराच्या दिवशी घेणारे वडील रोज गुत्त्यावर दिसू लागले. आई चार घरची भांडी घासून आमची पोटे भरी. पोरे आम्हाला "बेवड्याचा पोरगा" म्हणत. आम्ही वडिलांशी बोलणेच टाकले. 1999 साली ते यकृताच्या विकाराने गेले, तेव्हाही आमच्या डोळ्यांत पाणी आले नाही.

आपण दारूला शिवायचे नाही, अशी आमची शपथ होती. बी.कॉम. झालो, कारकुनी मिळाली, मंडळाच्या कामात पडलो. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला आमचा आवाज सर्वांत मोठा. पुढे ऑफिसातल्या मित्रांबरोबर महिन्यातून एकदा, मग दर शनिवारी, मग रोज पिऊ लागलो. वास लपवायला वर मावा. "आम्ही बापासारखे थोडेच आहोत? घरात पगार देतो, मग पितो," अशी मनाची समजूत घालीत होतो.

20 मार्च 2016, रविवार. वस्तीतून महाडला बस निघाली. सौ. आणि आठ वर्षांचा मुलगा बरोबर होते, म्हणून आदल्या रात्रीपासून थेंबही घेतला नव्हता. तळ्याच्या पायऱ्या उतरून मुलाने ओंजळ भरली व म्हणाला, "पप्पा, हात पुढे करा." आम्ही केले. हात थरथरत होते. सगळे पाणी पायरीवर सांडले. मुलगा काही बोलला नाही. सौ.ने तोंड फिरवले. आम्हाला वडिलांचे हात आठवले. सकाळी चहाची बशी धरताना ते असेच थरथरत.

घरी आल्यावर आम्ही दारू एका झटक्यात बंद करायला निघालो. वस्तीतील एका नर्सताईंनी अडवले आणि सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टर म्हणाले, "रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर भास होतात, झटके येतात, कधी जीवही जातो. उपचार घेऊनच सोडा. हा आजार आहे." ते ऐकले आणि इतक्या वर्षांनी वडिलांसाठी रडलो. त्यांना आम्ही नावे ठेवली, पण दवाखान्यात एकदाही नेले नाही.

पुढे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना जाऊ लागलो. तेथे फी नाही, उपदेश नाही. एकाने आपले सांगायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. मध्ये एकदा घसरलो, पण पुन्हा जाऊन बसलो.

2023 साली पुन्हा महाडला गेलो. जवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेणी चढताना दम लागला. माव्याने जे नेले ते सगळे परत आलेले नाही. वर भिक्खूंच्या खोल्यांपुढे बसून, खाली सावित्रीचे खोरे पाहत, मुलाला प्रथमच त्याच्या आजोबांविषयी सांगितले. गिरणी सांगितली, संप सांगितला, आमचा अबोलाही सांगितला. उतरताना तळ्यावर गेलो. या वेळी ओंजळ आम्ही भरली आणि त्याच्या हातात दिली.

बंधू-भगिनींनो, शील तोंडपाठ असणे हा कागदावरचा ठराव झाला. तो अमलात आणायला चालत जावे लागते. आपल्या गल्लीत कोणी पिऊन पडला असेल तर त्याच्या पोराला हिणवू नका. त्याला हाताला धरून दवाखान्याच्या दारापर्यंत चला. आमच्या वडिलांबरोबर तेवढे कोणी चालले नाही. आम्हीही नाही.

जयभीम!