वृत्त आणि धाव

मराठीत 'धाव' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सर्वांच्या ओळखीचा. दुसरा बैलगाडीबरोबर मागे पडला. लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करावी लागे. लोहार ती जाळात लालबुंद करी, फुगलेली धाव चाकावर बसवी आणि लगेच वरून पाणी ओती. थंड होताना ती आक्रसे आणि तुंब्यापासून आऱ्यांपर्यंतचे सगळे सांधे आवळून धरी. फार लहान झाली तर आरे वाकत. सैल राहिली तर चाक खिळखिळे होई. मोटारीच्या चाकाला धाव नसते, तरी मापाचा हा जाच सुटलेला नाही.

हे सुचण्याचे निमित्त म्हणजे वडिलांची १९९६ सालची मारुती ८००. वडील गेल्यावर ती माझ्या पुतण्याकडे आली. इंजिन ७९६ सी.सी.चे, गिअर चार, चाके बारा इंची. पुतण्याला ही बारा इंची चाके खटकत. "एवढ्या गाडीला खेळण्याची चाकं लावल्यासारखी दिसतात," असे तो म्हणे. त्याला चौदा इंची अ‍ॅलॉय चाके बसवायची होती. दुकानात जाताना त्याने मलाही बरोबर घेतले. "काका, तुम्ही चला. आजोबांची बाजू मांडायला कुणीतरी हवं."

गाडी सजवण्याची हौस नवी नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिलेला रोहसेन आपल्या मातीच्या गाडीला नाक मुरडून रडतो, आणि नाटकाचे नावच त्या गाडीवरून पडते. म्हणून पुतण्याची हौस मला क्षुद्र वाटली नाही. प्रश्न मापाचा होता.

टायरच्या कडेवर छापलेली ओळ हा एक वाचण्याजोगा मजकूर आहे. आमच्या टायरवर होते : १४५/७० आर १२. यातले १४५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या कडेची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नव्हे, तर रुंदीच्या टक्क्यांत. १२ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. 'आर' म्हणजे त्रिज्या असे पुष्कळांना वाटते. तो खरे तर 'रेडियल' या रचनेचा आद्याक्षर आहे. एका ओळीत मापनाच्या तीन भाषा, आणि त्यांतून अर्थ लावायचा तो चौथ्याच गोष्टीचा. ती गोष्ट म्हणजे चाकाचा बाहेरचा एकूण व्यास. हिशेब केला तर तो सुमारे ५०८ मिलिमीटर येतो. हा आकडा टायरवर कुठेही छापलेला नसतो, आणि गाडीचे सगळे गणित मात्र त्याच्यावर उभे असते.

दुकानदाराने प्रथम सुचवला १६५/६० आर १४. त्याचा व्यास सुमारे ५५४, म्हणजे नऊ टक्के जास्त. वर्गात वृत्ते शिकवणाऱ्या माणसाला इथे भुजंगप्रयात आठवणे अपरिहार्य होते. त्याच्या चरणात बारा अक्षरे. तेरावे घातले की ते वृत्त उरत नाही. मात्रावृत्तात मात्र एका गुरूच्या जागी दोन लघू चालतात; एकूण मात्रा जमल्या की झाले. टायरवाल्यांनाही ही युक्ती ठाऊक आहे : रिम मोठी करायची, कडेची उंची तेवढी कमी करायची आणि बाहेरचा व्यास तोच राखायचा. मी कागदावर मांडून पाहिले. तेरा इंची रिमवर १५५ रुंदीचा टायर घेऊन ५०८ चा व्यास राखायचा, तर कड सुमारे ५७ टक्क्यांची हवी. टायरांचे टक्के साधारणपणे पाचाच्या पटीत येतात. दुकानात तेरा इंचीत बसण्याजोगा होता तो १५५/६५, व्यास सुमारे ५३२. म्हणजे एका फेऱ्यात जवळजवळ पाच टक्के जास्त अंतर.

हे पाच टक्के कुठे कुठे जातात ते पाहण्यासारखे आहे. या गाडीचा वेगदर्शक गिअरबॉक्सकडून येणाऱ्या केबलवर चालतो. तो फेरे मोजतो, रस्ता नाही. तो साठ दाखवील तेव्हा, पूर्वीच्या चाकांच्या मानाने, गाडी त्रेसष्टच्या आसपास असणार. चाक मोठे झाले की प्रत्येक गिअर थोडा 'उंच' होतो : सपाटीवर इंजिन निवांत वाटते, पण घाटात आधी दुसऱ्यावर निभत होते तिथे पहिला टाकावा लागतो. ब्रेक तेच, पण त्यांना आता लांब झालेल्या त्रिज्येशी झगडायचे. पायाखालचा जोर तोच असला, तर रस्त्यावर पोचणारी पकड त्याच प्रमाणात घटते. लाभ एकच, आणि तोही खरा : गाडी बारा मिलिमीटर उंच होते. आपल्याकडच्या गतिरोधकांचा विचार करता हे थोडे नाही.

चौदा इंचीला मी ठाम विरोध केला. पुतण्याच्या आईवडिलांना मागे बसवून दिवे घाट उतरायचा, तर नऊ टक्क्यांची उसनवारी मला मान्य नव्हती. शिवाय मागची सीट भरली की टायर चाकाच्या कमानीला आतून घासणार, हे दुकानातल्या मुलानेच हात घालून दाखवले. मालक म्हणाला, "स्पेसर टाकू, बाहेर येईल." चाक असे बाहेर ढकलले की बेअरिंगवर तिरका भार येतो. सगळ्या जगात तडजोडीचा मार्ग एक तुकडा मध्ये घालणे हाच का असतो, कोण जाणे.

कायद्याचेही बोलून पाहिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीपत्रातला तपशील आणि निर्मात्याने ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. पुतण्याने नोंदणीपत्रच पुढे केले. त्यात चेसिसचा क्रमांक होता, इंजिनाचा होता, रंग होता. चाकाचा व्यास नव्हता. साहित्याच्या विद्यार्थ्याला शोभेल असे हे संहितानिष्ठ वाचन. मी निरुत्तर झालो नाही, पण मला कौतुक वाटले. विमा कंपनीला बदल कळवायचा, एवढे त्याने कबूल केले.

माझी खरी हरकत मात्र निराळी होती, आणि ती मी शेवटी सांगितली. गाडीच्या कप्प्यात वडिलांची वही आहे. १९९६ पासून पेट्रोल भरल्याचा प्रत्येक दिवस तिच्यात आहे : तारीख, किलोमीटर, लिटर, सरासरी. कोल्हापूरच्या लग्नाची जाऊन-येऊन खेप आहे. आईच्या आजारपणातले महिने तर त्या आकड्यांतूनच वाचता येतात. दोन नोंदींमध्ये तारखांचे अंतर मोठे आणि किलोमीटर थोडे, कारण गाडी घर ते रुग्णालय एवढीच फिरत होती. वडिलांनी त्या दिवसांविषयी दुसरे काहीही लिहिलेले नाही. ही वही ५०८ मिलिमीटरच्या मापात लिहिली आहे. पूर्वीचे चाक किलोमीटरला ६२७ फेरे घेई, नवे ५९९ घेणार. त्या दिवसापासून काट्याचा किलोमीटर वडिलांचा किलोमीटर राहणार नाही, आणि ही गोष्ट वहीला कळणारही नाही.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग त्याने तेरा इंची निवडली, स्पेसरशिवाय. नट नव्या चाकांच्या बैठकीला जुळणारे घेतले, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून, मागे आम्हा दोघांना बसवून, कुठे घासत नाही ना हे तपासले. गाडी आता देखणी दिसते, हे मान्य केले पाहिजे. जागेवर वळवताना स्टिअरिंग जड लागते, हेही.

जुनी चाके धुऊन माळ्यावर ठेवली आहेत. परवा मी वही उघडली. वडिलांच्या शेवटच्या पानापुढे पुतण्याने एक ओळ मोकळी सोडून चाके बदलल्याची तारीख आणि दोन्ही टायरांची मापे लिहिली आहेत. त्याखाली किलोमीटरचा एक रकाना जास्त आखला आहे. पहिल्याच नोंदीत काट्याने दाखवलेले ३१२, आणि शेजारी, १.०४७ ने गुणून, ३२७.